अभ्यास मंडळं बरखास्त करायची? आधी कात्री कुणाच्या हातात होती ते बघा

मस्टरवाली

'लेखाजोखा' यांची परवाची पोस्ट वाचली. थोडक्यात म्हणणं असं: अभ्यास मंडळ (विषयाचा सिलॅबस ठरवणारी शिक्षकांची समिती) म्हणजे चहा-बिस्किटं, टीए-डीएचं बिल आणि जुन्या सिलॅबसवर नवीन तारीख. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागणारा विषय, हा पोरांच्या वेळेचा चुराडा. तेव्हा मंडळं बरखास्त करा आणि हे सगळं 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर टाका. टाळ्या भरपूर पडल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

ओपन इलेक्टिव्ह २ क्रेडिटचं (सेमिस्टरला ३० तासांचं) असावं हे कुठल्याही अभ्यास मंडळाने ठरवलेलं नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात बहुविद्याशाखीय विषयांना, म्हणजे आपल्या ओपन इलेक्टिव्हना, तीन वर्षांत ९ क्रेडिट आहेत. म्हणजे ३-३ क्रेडिटचे तीन धड पेपर. २० एप्रिल २०२३ च्या महाराष्ट्राच्या शासन निर्णयात याचे १० ते १२ क्रेडिट झाले आणि बहुतेक ठिकाणी त्याचे २-२ चे तुकडे पडले. त्या शासन निर्णयात पहिल्या सेमिस्टरच्या २२ क्रेडिटपैकी मेजरला (मुख्य विषयाला) ६. उरलेले १६ ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवृद्धी), एईसी (भाषा-संवाद), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा) आणि सीसी (सहशैक्षणिक उपक्रम) यांच्यात वाटलेले. स्वायत्त कॉलेजांनी २०२३-२४ ला हे लागू केलं, संलग्न कॉलेजांनी २०२४-२५ ला. अभ्यास मंडळाच्या हातात आला तो रिकामा तक्ता. कॉलममध्ये विषय भरा, ३० तास, २ युनिट, ५० गुण, पुढच्या आठवड्यात पाठवा. कात्री वरून चालली, आणि खापर मात्र शिंप्याच्या हाताखालच्या पोऱ्यावर.

मंडळ बरखास्त केलं तर तो तक्ता कोण भरणार? अधिष्ठात्यांच्या कार्यालयातला क्लार्क?

लेखाजोखा

तक्ता वरून आला हे कबूल. पण त्यात काय भरलं ते तर तुम्हीच भरलं ना?

'वैयक्तिक अर्थनियोजन' हा पेपर कला आणि विज्ञानाच्या मुलांसाठी आहे. ३० तासांत बारावी पास मुलाला काय यायला हवं? चक्रवाढ व्याज हाताने काढणं. ईएमआयमध्ये पहिली काही वर्षं व्याजच का जास्त जातं, ते तक्ता मांडून बघणं. टर्म इन्शुरन्स आणि एंडोमेंट यांतला फरक. फॉर्म १६ वाचणं. नव्या-जुन्या कररचनेत आपला आकडा काढून बघणं. आता छापील सिलॅबस उघडा. युनिट १: वित्त: अर्थ, स्वरूप, व्याप्ती व महत्त्व. युनिट २: वित्तीय नियोजनाची उद्दिष्टे, प्रक्रिया व मर्यादा. पंधरा तास 'अर्थ, स्वरूप व व्याप्ती'! हे मंत्रालयातून आलं होतं का?

हे होतं कसं तेही सांगतो. बी.कॉम.च्या जुन्या पेपरचं पहिलं आणि तिसरं युनिट उचलायचं, शीर्षकात 'मूलतत्त्वे' घालायचं, संदर्भग्रंथांची यादी तशीच ठेवायची. ज्याने तो विषय पुढे कधीच घ्यायचा नाही त्याला त्या विषयाची प्रस्तावना शिकवायची, आणि प्रस्तावनेनंतर पुस्तक बंद.

ऐनवेळचा विषय

अहो, मंडळाच्या बैठकीत वेळ कुठे असतो? विषय क्र. १ मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. विषय क्र. २ कृती अहवाल. त्यानंतर कोर्स आउटकममध्ये (कोर्सनंतर मुलाला काय येईल ती यादी) 'समजणे' हे क्रियापद चालत नाही, 'विश्लेषण करणे' घाला, यावर पाऊण तास. मग जेवण. आणि खरा सिलॅबस कधी येतो? 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली, पाच वाजता, पेन ड्राइव्हमधून. सर्वानुमते मंजूर.

प्रॅक्टिकल जर्नल

सगळे सिलॅबसवर भांडताय. खरा सिलॅबस वर्कलोड, म्हणजे विभागाला मिळणाऱ्या तासांचा हिशोब, लिहितो, हे कुणी बोलणार आहे की नाही?

हिशोब सोपा आहे. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. २ क्रेडिटचा थिअरी पेपर दिला की विभागाला आठवड्याला २ तास मिळतात. तेच २ क्रेडिट प्रॅक्टिकल म्हणून दिले की एका बॅचला ४ तास. साठ मुलांच्या तीन बॅच केल्या तर १२ तास. सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आठवड्याला १६ तास. म्हणजे एका प्रॅक्टिकल पेपरमागे जवळपास पाऊण पद वाचतं आणि थिअरी पेपरमागे पदाचा आठवा हिस्सा. आता सांगा, व्हीएससीमध्ये मशरूम लागवड आणि गांडूळखत का आलं? कौशल्याच्या कळवळ्याने?

मस्टरवाली

मशरूम लागवडीला नावं ठेवायचं कारण नाही. भुसा निर्जंतुक करणं, बियाणं भरणं, पिशव्यांना भोकं पाडणं, ओलावा राखणं, हे सगळं ३० तासांच्या थिअरीत होत नाही.

प्रॅक्टिकल जर्नल

होत नाहीच. पण ते २० मुलांच्या बॅचमध्ये आणि उबवण खोलीत होतं. कागदावर तीन बॅच आणि प्रत्यक्षात साठ मुलं एका वर्गात पीपीटी बघतात, तेव्हा ते प्रॅक्टिकल राहत नाही. बॅच कागदावर, जर्नल झेरॉक्सवर. मंजुरी देताना लागणारी जागा आणि उपकरणं तपासणं मंडळाचं काम नाही का?

तासिका तत्त्व

वर्कलोडचा विषय काढलाच आहे तर पूर्ण काढा. हे 'वाचलेलं पाऊण पद' प्रत्यक्षात भरलं जातं का? पद मंजूर पण रिक्त, आणि त्यावर तासिका तत्त्वावर कुणीतरी. तास झाला तर पैसे. सुट्टी, परीक्षा, स्नेहसंमेलन, निवडणुकीची ड्युटी, यातल्या कशाचेही नाहीत. ओपन इलेक्टिव्ह, व्हीईसी, आयकेएस हे पेपर बहुतेक कॉलेजांत कोण शिकवतं ते टाइमटेबल काढून बघा. पूर्णवेळवाले मेजर घेतात, उरलेलं आमच्याकडे. आणि मंडळात कोण? विद्यापीठाचे विभागप्रमुख, कुलगुरूंनी नेमलेले, विभागप्रमुखांतून निवडून आलेले तीन आणि स्वीकृत तज्ज्ञ. जो शिकवतो तो मंडळात नाही, जो मंडळात आहे तो शिकवत नाही. मग 'अर्थ, स्वरूप व व्याप्ती' नाही तर काय येणार?

लेखाजोखा

धन्यवाद. माझाच मुद्दा मांडलात.

तासिका तत्त्व

नाही मांडला. तुम्ही 'स्वयम्'वर टाका म्हणता. टाकलंत की माझे २ तासही गेले. आम्हाला मंडळात घ्या म्हणतोय, मंडळ बंद करा म्हणत नाहीये. सोयीचं तेवढं उचलू नका.

मस्टरवाली

'स्वयम्'बद्दलही एकदा बोलू. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून घेता येतात, त्यामुळे दार आधीच उघडं आहे. प्रवेश का होत नाही ते बघा. एनपीटीईएलवर ('स्वयम्'वरचे आयआयटींचे कोर्स) ८ आठवडे म्हणजे २ क्रेडिट. असाइनमेंटचे २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. परीक्षेची फी हजार रुपये, एका कोर्सला. तालुक्याच्या गावातल्या बी.ए.च्या मुलीला केंद्र जिल्ह्याला. त्यांच्या परीक्षेची तारीख आपल्या सेमिस्टर परीक्षेच्या अंगावर येते, निकाल उशिरा लागतो आणि आपली गुणपत्रिका 'राखीव'मध्ये अडकते. क्रेडिट ट्रान्सफरचा फॉर्म कुणी भरायचा यावर परीक्षा विभाग आणि कॉलेज एकमेकांकडे बोट दाखवतात. व्याख्यानं बहुतांश इंग्रजीत. हे सगळं सोडवून या, मग 'सगळं स्वयम्वर' म्हणा.

सांता क्लारा

इकडच्या कम्युनिटी कॉलेजांचं (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं, पुढे मुलं विद्यापीठात जातात) सांगते, कारण भांडण ओळखीचं वाटलं. कॅलिफोर्नियात कॉलेजची करिक्युलम कमिटी प्राध्यापकांची असते. नवा कोर्स आणायचा तर पूर्ण आउटलाइन द्यावी लागते: युनिट (म्हणजे इकडचे क्रेडिट), तास, उद्दिष्टं, आशय, मूल्यमापनाची पद्धत, नमुन्याची पुस्तकं. सामान्य शिक्षणाचा, म्हणजे सगळ्या शाखांच्या मुलांनी घ्यायच्या विषयांचा, साचा मात्र कमिटी ठरवत नाही. २०२१ च्या एबी ९२८ कायद्याने सांगितलं की कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि स्टेट विद्यापीठ, दोन्हीकडे बदली होऊन जाणाऱ्यांना एकच साचा हवा. त्यातून कॅल-जीईटीसी हा साचा आला, ३४ युनिटांचा, २०२५ च्या फॉल सत्रापासून. तोंडी संवाद सगळ्यांना सक्तीचा झाला आणि 'आजीवन शिक्षण' हा जुना गट बाहेर गेला. त्या गटावर आरोग्य आणि बालविकास विभागांचे कितीतरी वर्ग भरायचे. आता तेच पेपर दुसऱ्या गटात बसवण्यासाठी आउटलाइनमध्ये शब्द बदलून कमिटीपुढे आणायची धडपड. वर्कलोडच्या जागी इकडे एफटीईएस, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्यांत मोजलेली पटसंख्या, एवढंच.

फरक एका गोष्टीत आहे. कोर्स कुठल्या गटात बसतो हे ठरवणारे आशय वाचतात आणि नाकारतात. नाकारलेला कोर्स कॉलेज शिकवू शकतं, पण त्या गटात मोजला जात नाही.

ऐनवेळचा विषय

अमेरिका आली! उशीरच झाला जरा, मला वाटलं दुसऱ्याच प्रतिक्रियेत येईल.

सांता क्लारा

आली, कारण 'नाकारणं' हा शब्द तुमच्या धाग्यात अजून कुणी उच्चारला नव्हता.

उत्तरपत्रिका

सामान्य शिक्षण वरून लादायची सवय आपल्याकडे जुनीच. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्येच जनरल एज्युकेशन हवं म्हटलं होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरण सक्तीचं झालं, यूजीसीने एकच सिलॅबस देशभर दिला. मुंबईत चार सेमिस्टर फाउंडेशन कोर्स, पुण्यात लोकशाही-निवडणूक-सुशासन. सिलॅबस एकही वाईट नव्हता. पर्यावरणाच्या सिलॅबसमध्ये क्षेत्रभेट होती, नदी किंवा डोंगर बघून नोंद करायची. झालं काय? 'पर्यावरण प्रकल्प' म्हणून दुकानात तयार वही, वाघाचं चित्र मुखपृष्ठावर. गुण मेरिटमध्ये धरायचे नसले की विद्यार्थी, शिक्षक आणि प्राचार्य, तिघेही त्या पेपरकडे पाठ फिरवतात. आत्ताचं आयकेएस त्याच वाटेने चाललंय. मंडळ असो वा नसो.

प्रॅक्टिकल जर्नल

आता तर गुण धरतात ना? २ क्रेडिट सीजीपीएमध्ये येतात. परिणाम उलटा झालाय. ज्या पेपरला गुण सुटतात तिकडे झुंबड. तर्कशास्त्र ठेवलं की अकरा मुलं, 'व्यक्तिमत्त्व विकास' ठेवलं की तीन तुकड्या. किमान संख्या भरली नाही म्हणून तर्कशास्त्र बंद, आणि तत्त्वज्ञानाच्या विभागाचे उरलेसुरले २ तास गेले. पुढच्या वर्षी तोच विभाग 'तणावमुक्त जीवनासाठी तत्त्वज्ञान' घेऊन येतो. दोष कुणाला द्यायचा?

तासिका तत्त्व

तत्त्वज्ञान, हिंदी, संस्कृत, भूगोल, सगळे त्याच रांगेत आहेत. मेजरला मुलं नाहीत, ओपन इलेक्टिव्हवर पद टिकवायचं. तुम्हाला हसू येतं त्याचं. ज्याचं पद जातं त्याला येत नाही.

प्रॅक्टिकल जर्नल

कोण हसलं? उगाच अंगावर येऊ नका. विभाग टिकावेत असंच म्हणतोय. पण मुलांना गिऱ्हाईक करून टिकवायचे असतील तर तसं इतिवृत्तात लिहा.

लेखाजोखा

टाइमटेबलचंही बोला. ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचं हवं, म्हणजे कला, वाणिज्य, विज्ञान तिन्हींचा तो तास एकाच वेळी हवा. पहिल्या वर्षाला ६०० मुलं धरा आणि सहा पर्याय. सरासरी शंभर मुलं एका वर्गात, म्हणजे शंभर-सव्वाशेच्या सहा खोल्या एकाच वेळी मोकळ्या. कुठल्या कॉलेजात आहेत? विज्ञानाचे प्रॅक्टिकल दुपारी, कला-वाणिज्य सकाळी. मग विज्ञानाच्या मुलांना 'सोयीसाठी' एकच पर्याय दिला जातो. नाव ओपन, निवड बंद.

मस्टरवाली

हे मात्र खरंय. आणि यावर उपाय मंडळाच्या नाही, प्राचार्यांच्या हातात आहे. आधी समान स्लॉट ठरवायचा, आठवड्यात दोन दिवस, आणि बाकी टाइमटेबल त्याभोवती बसवायचं. बहुतेक कॉलेजं मेजर आधी बसवतात आणि ओपन इलेक्टिव्ह उरलेल्या भोकांत कोंबतात. स्लॉट दुपारी शेवटचा ठेवला की ग्रामीण भागातली निम्मी मुलं एसटी पकडायला गेलेली असतात. सकाळी दुसरा किंवा तिसरा तास धरावा. प्रवेशाच्या वेळीच तीन पसंतीक्रम घ्यावेत आणि वर्ग सुरू होण्याआधी यादी लावावी. सेमिस्टरच्या चौथ्या आठवड्यात पर्याय बदलू दिला की हजेरी आणि अंतर्गत गुण दोन्ही बोंबलतात.

लेखाजोखा

बरं बाई, बरखास्त नका करू. ठेवा मंडळं, बिस्किटांसकट. माझ्या दोन अटी. ओपन इलेक्टिव्हचा सिलॅबस त्या विषयाच्या मंडळाने एकट्याने मंजूर करायचा नाही, ज्या विद्याशाखेची मुलं तो घेणार तिथले दोन शिक्षक बसवा आणि त्यांना नाही म्हणायचा अधिकार द्या. आणि जो तो पेपर प्रत्यक्ष शिकवतो, तासिकावाला का असेना, त्याला निमंत्रित म्हणून बोलवा.

तासिका तत्त्व

निमंत्रित म्हणजे मत नाही. टीए-डीए तरी आहे का?

मस्टरवाली

स्वायत्त कॉलेजात तर विभागातले सगळेच शिक्षक मंडळावर असतात, शिवाय बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ, कुलगुरूंचा एक, उद्योगातला एक, एक माजी विद्यार्थी. तिथे दुसऱ्या विद्याशाखेतले दोघे बोलवायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही. विद्यापीठाच्या मंडळात मात्र ते अधिष्ठात्यांनी मनावर घेतलं तर.

ऐनवेळचा विषय

म्हणजे ऐनवेळचे विषय.