प्रयोगशील जॅझ गिटार: आधी कुठला अल्बम ऐकावा?

उत्तररात्र
नमस्कार मंडळी. इथे जॅझ ऐकणारे बरेच आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारतो. माझं ऐकणं मुख्यतः ख्यालाचं. जॅझ गिटार म्हटलं की वेस माँटगोमेरी, जो पास, जिम हॉल इथपर्यंत मजल गेली आहे आणि तिथे छान रमतो. मध्यंतरी एका मित्राने डेरेक बेली या गिटारवादकाचा 'ऐडा' हा अल्बम पाठवला. ऐकतो असं कबूल केलं होतं म्हणून पूर्ण ऐकला. ठेका नाही, गुणगुणता येईल अशी ओळ नाही, आत्ता वाजलेल्याचा मघाशी वाजलेल्याशी संबंध लागत नाही. पण कंटाळा आला नाही. वैताग आला, आणि तरी बंद करावंसं वाटलं नाही. हे प्रकरण काय आहे ते समजून घ्यायचंय.

तर पहिला म्हणून कुठला अल्बम घेऊ? गिटार मध्यवर्ती हवी, साथीला कोणी का असेना. सुटी गाणी नकोत, सलग बसून ऐकण्याजोगं सांगा. 'नवख्यांसाठी बरं' म्हणून गुळगुळीत काही सुचवू नका, तसलं माझ्याकडे ढिगाने आहे. आणि ऐकताना लक्ष कुठे ठेवायचं तेही जाणकारांनी सांगावं. रागसंगीत लहानपणापासून कानावर पडत आलं, त्यामुळे तिथे हा प्रश्न कधी पडलाच नाही.

खर्ज
बेलीपासून सुरुवात झालीच आहे तर माणूस बदलू नका, अल्बम बदला. 'बॅलड्स', २००२, अमेरिकन सॅक्सोफोनवादक-संगीतकार जॉन झोर्नच्या त्झाडिक लेबलवर.

बेली १९३० चा, शेफील्डचा. तरुणपणी पोटासाठी डान्स बँडमध्ये आणि विनोदी कार्यक्रमांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवायचा. 'लॉरा', 'बॉडी अँड सोल', 'स्टेला बाय स्टारलाइट' ही त्या काळची चलनी गाणी त्याला तोंडपाठ. साठच्या दशकात हे सगळं सोडलं. १९७० मध्ये सॅक्सोफोनवादक इव्हान पार्कर आणि ड्रमर टोनी ऑक्सली यांच्याबरोबर इन्कस हे स्वतःचं लेबल काढलं आणि कुठल्याच शैलीत न बसणारं उत्स्फूर्त वादन करत राहिला. 'बॅलड्स'मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, झोर्नच्या आग्रहाने तो त्याच गाण्यांकडे परत वळतो. ओळ सरळ वाजवतो, कॉर्ड्ससकट, चक्क मायेने. आणि बोलता बोलता ती ओळ हातातून सुटते. कुठे सुटली ते पकडायचा प्रयत्न करा. बहुतेकदा उशिराच कळतं.

लक्ष कुठे ठेवायचं म्हणाल तर स्वर कुठला हे सोडा, तो काढलाय कसा ते ऐका. एकाच उंचीचा स्वर तो एकदा मोकळ्या तारेवर घेतो, एकदा पडद्यावर दाबून, एकदा हार्मोनिक म्हणून (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला बारीक, घंटेसारखा स्वर). कधी ब्रिजच्या (घोडीच्या) पलीकडचा तारेचा आखूड तुकडा छेडतो. लागोपाठचे दोन स्वर एकाच रंगाचे येऊ द्यायचे नाहीत, असा पण केल्यासारखं वाजवणं आहे. 'ऐडा'तही हेच चाललं होतं, तिथे आधाराला गाणं नव्हतं इतकंच.

चिंचपोकळी फास्ट
खर्ज यांच्याशी साफ असहमत. ओळ सुटली हे कळायला ओळ आधी माहीत नको का? 'लॉरा' आपल्यापैकी किती जणांच्या घरात वाजत होतं?

माझं मत सनी शॅरॉकला. 'आस्क द एजेस', १९९१. शॅरॉकला खरं तर सॅक्सोफोन वाजवायचा होता, पण दम्यामुळे जमण्यासारखं नव्हतं, म्हणून गिटार हातात घेतली. मग जन्मभर गिटारमधून सॅक्सोफोनच काढत राहिला. लांबलचक श्वासाची वाक्यं, किंकाळ्या, तारेवर घासत नेलेली स्लाइड. इथे साथीला टेनर सॅक्सवर फॅरो सँडर्स आणि ड्रम्सवर एल्व्हिन जोन्स, म्हणजे थेट सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या दरबारातली माणसं. बासवर तेव्हा विशीत असलेला चार्नेट मॉफेट. धून प्रत्येक वेळी इतकी साधी की एकदा ऐकून तोंडात बसते. त्यामुळे नंतर आग लागते तेव्हा नक्की कशाला लागली ते कळतं. मूळ गाणं पाठ असण्याची अट नाही, अल्बमच तुम्हाला ते शिकवतो.

'हू डझ शी होप टू बी?' हा शांत तुकडा आधी ऐका. माणूस किती हळुवार वाजवू शकतो ते कळलं की बाकीच्या गोंगाटावर विश्वास बसतो. मग पहिल्यापासून लावा. 'मेनी मॅन्शन्स'ला आवाज वाढवा, शेजारी गावाला गेले असतील तर. १९९४ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी शॅरॉक गेला. याच्यापुढे तो काय करणार होता हा विचार मनात येतोच.

ताक-कण्या
आमच्याकडे बेली लावला की आतून विचारणा होते, "अजून तारा लावून झाल्या नाहीत का?" तेव्हा पहिला सल्ला हेडफोनचा. बाकी चालू द्या, वाचनखूण साठवली आहे.

चौथी तार
मी हौसेपुरती गिटार वाजवते, त्यामुळे माझा डोळा हातांवर. माझ्याकडून मेरी हॅल्व्हर्सनचा 'मेल्टफ्रेम', २०१५. एकटी गिटार, दुसरं कोणी नाही. रचना सगळ्या दुसऱ्यांच्या: एलिंग्टनची 'सॉलिट्यूड', ऑर्नेट कोलमनची 'सॅडनेस', मकॉय टायनरची 'आइशा', कार्ला ब्लेची 'आयडा लुपिनो'. पहिलाच तुकडा, ऑलिव्हर नेल्सनचा 'कॅस्केड्स', फुटक्या आवाजात अंगावर येतो. घाबरून बंद करू नका, पुढे सगळं तसं नाही.

तिच्याकडे जाड पोकळ पेटीची जुनी गिल्ड कंपनीची गिटार आहे. अँप्लिफायरमधल्या आवाजाबरोबर लाकडाचा आणि पिकचा कोरडा टकटकाटही कायम ऐकू येतो. असं स्वच्छ वाजवता वाजवता मध्येच एखादा स्वर लडबडतो, जागचा सरकतो आणि परत जागेवर येतो. तो पायाखालच्या डिले पेडलचा (स्वर उशिराने परत ऐकवणाऱ्या यंत्राचा) खेळ. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला फाइलच खराब आहे असं वाटू शकतं. उत्तररात्र, तुमचा कान त्याला मींड समजेल, पण ती मींड नाही. मींडेत एका स्वरातून दुसऱ्या स्वराकडे जायचं असतं. इथे कुठेही जायचं नसतं, उभ्या स्वराला धक्का दिलेला असतो. हे ती नेमकं कुठे करते तेवढं ऐकलंत तरी अल्बम उलगडायला लागेल.

बाई विद्यापीठात गेल्या होत्या जीवशास्त्र शिकायला. तिथे प्रयोगशील जॅझवाले अँथनी ब्रॅक्स्टन शिकवायला होते आणि जीवशास्त्र मागे पडलं. २०१९ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. 'अमॅरिलिस' आणि 'बेलाडोना' हे २०२२ चे दोन अल्बमही सुंदर आहेत, पण तिथे लक्ष रचनेकडे जातं. गिटारच ऐकायची तर 'मेल्टफ्रेम'.

चिंचपोकळी, शॅरॉकबद्दल तक्रार नाही. पण त्या अल्बमवर सँडर्स तोंडाला सॅक्स लावतो तेव्हा मी तरी गिटार विसरते.

खर्ज
@चिंचपोकळी फास्ट: मुद्दा रास्त, पण उपाय सोपा आहे. 'बॅलड्स'वर 'जॉर्जिया ऑन माय माइंड' आहे. ते रे चार्ल्सच्या आवाजात (१९६०) आधी ऐकायचं, मग बेलीकडे यायचं. 'बॉडी अँड सोल'साठी बिली हॉलिडे. सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सचं १९३९ चं प्रसिद्ध ध्वनिमुद्रण मात्र या कामाला निरुपयोगी, कारण हॉकिन्स सुरुवातीलाच मूळ धून सोडून स्वतःचं चालू करतो. म्हणजे ओळ सोडण्याचा उद्योग बेलीच्या बापजाद्यांपासून चालत आलेला आहे. फरक असा की हॉकिन्स धून सोडतो पण तिच्या कॉर्ड्सना धरून राहतो. बेली तेही सोडतो.

आडचौताल
ख्याल ऐकणारा म्हणून माझे दोन पैसे. बेलीने उत्स्फूर्त वादनावर एक पुस्तक लिहिलंय, १९८० चं. त्यात भारतीय संगीतावर प्रकरण आहे आणि त्यासाठी तो विराम जसानी या सतारवादकाशी बोलला होता. त्याची मांडणी थोडक्यात अशी: हिंदुस्थानी संगीत, फ्लॅमेंको, जॅझ ही सगळी आपापली बोली असलेली उत्स्फूर्त संगीतं. तो स्वतः वाजवतो त्याला अशी बोली नाही. म्हणजे त्याच्या हिशेबात आपला ख्याल आणि वेस माँटगोमेरी एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला. आपल्याला वाटतं जॅझ परकं आणि ख्याल घरचा. त्याची रेघ वेगळ्याच ठिकाणी आहे.

याचा ऐकण्यासाठी उपयोग असा, की समेची वाट बघणं सोडून द्यायचं. आपला कान सवयीने पुढे धावतो, आता इथे येणार म्हणून. बेली तिथे येत नाही, आणि मुद्दाम टाळतोय असंही नाही. हे सुटलं की वैताग निम्मा होतो, स्वानुभव.

मांडणी मला पूर्ण पटलेली नाही, हेही सांगतो. हा माणूस दोन स्वर वाजवतो आणि तिसऱ्याच्या आत ओळखू येतो. मग बोली नाही असं कसं म्हणायचं? बोली आहे, ती बोलणारा एकच होता.

मडगांवकर
एवढी नावं आली आणि गोंयकाराचं नाव नाही? अमान्सियो डिसिल्वा. मुंबईत जन्मलेला, गोमंतकीय घरातला गिटारवादक, साठच्या दशकात लंडनला गेला. १९६९ मध्ये त्याचा 'इंटिग्रेशन' आला, सॅक्सोफोनवादक डॉन रेंडेल आणि ट्रम्पेटवादक इयन कार यांच्या साथीने. त्याच वर्षी जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्याबरोबर 'हम दोनो'. त्यात नॉर्मा विन्स्टन शब्दांविना गाते, नुसता आवाज धुनेबरोबर चालतो. 'बॅलड फॉर गोवा' नावाचा तुकडाही त्यातलाच. मूळ तबकडी वर्षानुवर्षं फक्त संग्राहकांच्या कपाटात होती.

चिंचपोकळी फास्ट
मडगांवकर, 'हम दोनो' उत्तम, पण प्रयोगशील कुठे? बेलीच्या शेजारी ठेवला तर भजनासारखा वाटेल.

मडगांवकर
भजन तर भजन. पण १९६९ मध्ये इंडो-जॅझ म्हटलं की सतार आणून ठेवायची पद्धत होती. हा माणूस सतार न घेता, साध्या इलेक्ट्रिक गिटारवर, त्या चालीची वाक्यं बांधत होता. प्रयोग म्हणजे दरवेळी काच फुटल्याचा आवाज यायला हवा असं नाही. आणि धागाकर्ते ख्यालातून आलेत. त्यांना रस्ता सांगायचा की कड्यावरून ढकलायचं?

उत्तररात्र
सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. ऐकलेलं सांगतो.

'आस्क द एजेस' लगेच आवडला, त्यात काही अडलंच नाही. म्हणूनच थोडी शंका आहे, कारण मला जे टोचत होतं त्याचं उत्तर त्यात नाही. 'बॅलड्स' रे चार्ल्सच्या वाटेने ऐकला आणि ती युक्ती लागू पडली. विशेषतः तो ओळ सोडतो तिथे नाही, तर बऱ्याच वेळाने एखादी कॉर्ड पुन्हा ओळखीची निघते तिथे. आडचौतालांचं समेबद्दलचं म्हणणं मात्र मला अर्धंच जमतंय. वाट बघणं थांबवता येत नाही. 'मेल्टफ्रेम'मध्ये 'आयडा लुपिनो' फार आवडलं, 'कॅस्केड्स' अजून झेपत नाही. 'हम दोनो' रविवारसाठी राखून ठेवलाय.

आता पुढचा प्रश्न. फ्रेड फ्रिथच्या 'गिटार सोलोज'चं नाव सगळीकडे दिसतं. तो आत्ता घ्यावा की थांबावं?

चौथी तार
घ्या, थांबू नका. १९७४ चा आहे, फ्रिथ तेव्हा हेन्री काऊ या बँडमध्ये होता. जॅझच्या खणात तो बसत नाही, पण तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. एरवी गिटारवर आपण बोटाच्या एकाच बाजूचा स्वर ऐकतो. फ्रिथने मानेच्या वरच्या टोकाला, नटपाशी (तारा जिथे टेकतात तिथे), आणखी एक पिकअप, म्हणजे तारेचा आवाज पकडणारा भाग, बसवला. त्यामुळे तार दाबली की बोटाच्या दोन्ही बाजूंचे तुकडे वाजतात, एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. शिवाय तारांना मगरी चिमटे लावून तारेचेच भाग पाडले. 'नो बर्ड्स'मध्ये दोन गिटारी आडव्या ठेवून एकाच वेळी वाजवल्यात. हे माहीत नसताना ऐकलं तर माणूस सिंथेसायझर शोधत बसतो. बहुतेक तुकडे छोटे आहेत, एखादा नाही आवडला तरी पुढचा वेगळा असतो. शफल बंद ठेवा.

'कॅस्केड्स'चं ओझं घेऊ नका. मी पण तो बऱ्याचदा ओलांडून पुढे जाते.

चिंचपोकळी फास्ट
फ्रिथला +१. एक धोक्याची सूचना: पॅट मेथनी आवडतो म्हणून कोणी 'झीरो टॉलरन्स फॉर सायलेन्स' (१९९४) सुचवलं तर आत्ता हो म्हणू नका. गिटारवर गिटार चढवलेला सलग गोंगाट आहे आणि, माझं मत, त्यात शॅरॉकची धून नाही की बेलीचा कान नाही. मेथनीच हवा असेल तर सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनबरोबरचा 'साँग एक्स', १९८६. आणि ऑर्नेटच्या वाटेने जाणार असाल तर जेम्स ब्लड उल्मरचा 'ओडिसी', १९८३. गिटार, व्हायोलिन, ड्रम्स, बास नाहीच. सारंगीच्या साथीची सवय असलेल्या ख्यालवाल्यांना तो आवडेल असा माझा अंदाज आहे. ऐकलात तर इथेच लिहा.