११ महिने संपले, त्याच घरात राहायचं आहे तरी ब्रोकरेज द्यावं लागते का? (नागपूर) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. त्रिमूर्ती नगरला टू बीएचके किरायानं राहतो, मी, मिसेस आणि मुलगी. मागच्या वर्षी ब्रोकरमार्फत घर घेतलं, किराया १३,०००, डिपॉझिट ४०,००० आणि ब्रोकरेज पूर्ण एक महिन्याचं, १३,००० कॅश. ते देताना काही वाटलं नाही कारण त्यानं खरंच मेहनत केली होती, दोन रविवार स्वतःच्या गाडीवर घेऊन फिरला, खामल्यापासून जयताळ्यापर्यंत सहा-सात घरं दाखवली, एका ठिकाणी उन्हाळ्यात पाणी येत नाही हे त्यानंच आधी सांगून टाकलं.

आता या महिन्याच्या शेवटी ११ महिने संपून राहिले. घरमालक काका पुण्याला मुलाकडे असतात, त्यांना फोन केला तर म्हणाले तुम्हीच राहा, फक्त ५ टक्के वाढवा, म्हणजे १३,६५०. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ब्रोकरचा फोन की रिन्यूअलचे अर्ध्या महिन्याचे ६,८२५ लागतील, पद्धतच आहे तशी. मी म्हटलं भाऊ, यावेळी घर तुम्ही दाखवलं नाही, बोलणी तुम्ही केली नाही, मग हे कशाचे? तर म्हणे अॅग्रीमेंट मीच बनवतो, काकांची सही मीच आणतो, आणि नसेल जमत तर मिहानमधली (विमानतळाजवळच्या आयटी कंपन्यांच्या भागातली) दोन पोरं १५,००० द्यायला तयार आहेत. तेव्हापासून झोप नाही लागून राहिली. मुलीची शाळा घरापासून पायी पाच मिनिटांवर आहे, मधेच घर बदलणं आम्हाला जमणारच नाही, आणि हे त्याला पक्कं माहीत आहे.

मागचं अॅग्रीमेंट स्टॅम्प पेपरवर टाईप करून नोटरी केलेलं, त्यात रिन्यूअलच्या पैशाची एक ओळ नाही, व्हॉट्सअॅपचे सगळे मेसेज वर जाऊन जाऊन पाहिले, तिथंही नाही. तर हे पैसे द्यावेच लागतात का, आणि ब्रोकर नसला तर अॅग्रीमेंट कसं करायचं, काका तर पुण्याला? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
दादा, किरायाच्या दलालीचा रेट कायद्यात कुठंच ठरवून दिलेला नाही. लोकांना वाटते रेरात (बिल्डरच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारा कायदा) असेल, पण रेरातलं एजंटचं रजिस्ट्रेशन प्रोजेक्टमधल्या विक्रीसाठी आहे, किरायासाठी नाही. म्हणजे जे दोघांत ठरलं तेवढंच. तुम्ही रिन्यूअलचं काही कबूलच केलं नव्हतं तर देणं लागत नाही.
दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमचं नोटरीवालं अॅग्रीमेंट पुरेसं नाहीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे ते लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे, ११ महिन्यांचं असलं तरी, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. न केलं तर ५,००० पर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वर रजिस्टर्ड नसलं आणि भांडण झालं तर अटींबद्दल किरायेदार जे सांगेल तेच खरं धरलं जाते, जोवर उलटं सिद्ध होत नाही. काकांना हे नीट समजावून सांगा, त्यांच्याच फायद्याचं आहे. ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो, काका पुण्यातून अंगठा देऊ शकतात. स्टॅम्प ड्युटी पूर्ण मुदतीच्या किरायावर आणि डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्के व्याजावर मिळून ०.२५ टक्के, तुमच्या आकड्यांत ४०० च्या आसपास बसेल, आणि मनपा हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००. करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. ६,८२५ कुठून आले मग?

प्रतिसाद:
मी स्वतः मनीष नगर, बेसा साईडला हेच काम करतो म्हणून लिहितो. नवीन घर लावून दिलं की मी दोन्हीकडून १५-१५ दिवसांचं घेतो, त्यात फिरणं, पेट्रोल, न जमलेले सौदे सगळं येते. रिन्यूअलला फक्त अॅग्रीमेंट करून द्यायचे पैसे घेतो, तेही काम मला दिलं तरच. दुसरा किरायेदार आणतो म्हणून भीती घालणं मला पटत नाही. काकांशी डायरेक्ट बोला, आणि यावेळी एका वर्षाऐवजी ३ वर्षांचं करता येते का विचारा, दरवर्षीच्या वाढीसकट. ६० महिन्यांपर्यंत करता येते.

धागाकर्ता:
खूप खूप आभार. रात्रीच काकांना फोन केला. त्यांना या ६,८२५ चं काहीच माहीत नव्हतं, मिहानच्या पोरांचं पण नाही. रजिस्टर्ड करायला तयार आहेत, खर्च अर्धा-अर्धा म्हणाले. ३ वर्षांचं मुलाला विचारून सांगतो म्हणाले. आता एकच विचारायचं राहिलं, जुनं डिपॉझिट ४०,००० नवीन अॅग्रीमेंटमध्ये तसंच चालू लिहायचं, की काकांनी परत दिलं आणि मी पुन्हा दिलं असं दाखवावं लागते? ते पैसे तेव्हा बँकेतून ट्रान्सफर केले होते, एंट्री आहे माझ्याकडे.