पाणथळ म्हणजे पडीक जमीन?

नेरुळची_मीरा
काल नवी मुंबईतल्या एका रहिवासी ग्रुपवर पोस्ट फिरत होती: "सीवूड्सला चार पक्ष्यांसाठी सोन्याची जमीन अडवून ठेवलीय. पडीक चिखल आहे तो. घरं बांधा, भाव खाली येतील." वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

ओहोटीला फ्लेमिंगो ठाणे खाडीच्या चिखलावर चरतात. भरती आली की तो चिखल बुडतो आणि त्यांना उथळ पाण्यात उभं राहायला जागा लागते. ती जागा म्हणजे सीवूड्स-नेरुळकडचे डीपीएस, एनआरआय आणि चाणक्य हे पाणथळ तलाव. खाडीचं अभयारण्य 2015 मध्ये झालं, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, पण हे तलाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिले. 2024 च्या उन्हाळ्यात डीपीएसमध्ये भरतीचं पाणी यायची वाट बुजली. माझा सकाळचा फिरायचा रस्ता तोच. तळाला भेगा, कडेला वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे, आणि भरकटलेले पक्षी थेट रस्त्यावर उतरत होते. काही मेले. ह्याला पडीक म्हणायचं? आणि पाम बीचला इतके टॉवर उभे राहिले, भाव कुठे खाली आले?

खारघर_ईएमआय
ताई, तुमचं घर झालेलं आहे. आम्ही दोघं कमावतो, तरी निम्मा पगार हप्त्यात जातो. त्याआधी वर्षानुवर्षं भाड्याच्या घरात काढली, दर अकरा महिन्यांनी सामान बांधायचं. तुमची सोसायटीही भरावावरच उभी असेल. स्वतः आत आल्यावर दार लावून घ्यायचं, हे बरोबर नाही.

नेरुळची_मीरा
आहे, भरावावरच आहे. म्हणून उरलेलंही भरून टाकायचं का? एनआरआय-चाणक्यच्या पाणथळीवर आधी गोल्फ कोर्स आणि इमारतींचाच घाट घातला होता, 2018 मध्ये उच्च न्यायालयाने रोखला. गोल्फ कोर्सवर कोणाचा हप्ता कमी होणार होता?

करावेकर
दोघंही दुसऱ्याच्या जमिनीवरून भांडताय. ही जमीन ना पक्ष्यांची होती ना ईएमआयवाल्यांची. नवी मुंबईसाठी सरकारने ज्यांच्या जमिनी घेतल्या त्या 95 गावांची होती. आमचे आजोबा खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त खारजमिनीत, भात लावायचे. बांधाला उघाडी, म्हणजे पाण्याचं दार असायचं, भरतीला झाप बंद, ओहोटीला उघडी. त्या तोंडाशी जाळं लावलं की जिताडा, कोळंबी घरी. बांध फुटून खांड पडली की रात्री अख्खा गाव चिखलात. त्या जमिनीला सरकारने कवडीमोल दर दिला. जानेवारी 1984 ला जासई-दास्तानला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. आमचे नेते दि. बा. पाटील साहेब उभे राहिले म्हणून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळाले. फ्लेमिंगोसाठी मेणबत्त्या लावणाऱ्यांपैकी कितीजण हुतात्मा दिनाला जासईला येतात?

घणसोली_वाशी_लोकल
साडेबारा टक्क्यांचे भूखंड बिल्डरला कोणी दिले, तेही लिहा की. टॉवर तुमच्याच भूखंडांवर आहेत.

करावेकर
तोंड सांभाळून बोला. वीस-वीस वर्षं फाइल फिरते, घरात चार भावांची कुटुंबं वाढतात, तेव्हा जो पैसे पुढे करतो त्यालाच माणूस देतो. माझ्या काकांना भूखंडाचा कागद मिळाला तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. आणि पोरांनी गावठाणात वर एक मजला चढवला की तो अनधिकृत!

खारघर_ईएमआय
मूळ मुद्दा घरांचा होता, 1984 चा नाही.

करावेकर
मूळ मुद्दा जमिनीचाच आहे! विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावं उठवली. तेव्हा तुमच्या खारघरमध्ये भाव वाढणार म्हणून पेढे वाटले.

बेलापूर_सेक्टर
मी स्थापत्यातला माणूस, पाण्याबद्दल बोलतो. ह्या शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. भरती आणि मुसळधार एकदम आली की खाडीकडची दारं बंद करावी लागतात आणि पावसाचं पाणी धारण तलावात थांबवावं लागतं. करावेकर म्हणतात त्या उघाडीचंच तत्त्व आहे हे. खाडीकडेची उथळ जमीन बुजवाल तर ते पाणी तळमजल्यात येईल, त्यात स्वस्त घरंही आलीच. मात्र पर्यावरणवाल्यांनीही ऐकावं. धारण तलावांत गाळ साचलाय, त्यात खारफुटी उगवलीय, आणि ती न्यायालयाच्या परवानगीशिवाय काढता येत नाही. गाळ काढायचं नाव काढलं की तुम्हीच ओरडता.

नेरुळची_मीरा
धारण तलाव मुळात पाणी थांबवण्यासाठीच बांधलेत, त्यांतला गाळ काढायलाच हवा, तेवढं मान्य. पण त्या नावाखाली शेजारची खाडीकाठची खारफुटी तोडली तर मी परत ओरडणार.

खारघर_ईएमआय
पुराचं पटलं. डीपीएस सोडा, 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्याला संवर्धन राखीव म्हणून मंजुरी दिलीच आहे. पण मग घरं कुठे बांधायची तेही तुम्हीच सांगा. शहरात किती बांधलेले फ्लॅट कुलूपबंद पडलेत ते बघा, त्यावर कोणीच बोलत नाही.

करावेकर
कुलूपबंद फ्लॅटवर बोला, मी सोबत आहे. तलाव राहू दे, आम्हालाही तो हवाच आहे. पण ते राखीव क्षेत्र झाल्यावर आमच्या डोलकरांना खाडीत जायची वाट राहणार का? ते कागदावर कोणी घेतलंय? मीराताई, तुमच्या बैठकीत गावातला एक तरी माणूस असतो का?

नेरुळची_मीरा
नसतो. पुढची बैठक रविवारी आहे. तुम्ही या, आणि वाटेचा मुद्दा निवेदनात तुमच्याच शब्दांत घालू.

करावेकर
येतो. पण निवेदनात 95 गावं पहिल्या ओळीत पाहिजेत.