पुण्याहून गेलेल्या डॉर्सेट पलटणीचे स्मरण आपण करावे का?

खडकवाट

एक प्रस्ताव चर्चेसाठी मांडतो. 29 एप्रिल 1916 रोजी इराकमधील कूत-अल-अमारा येथे ब्रिटिश जनरल टाउनशेंड यांनी तुर्की सैन्यापुढे शरणागती पत्करली. सुमारे पाच महिने वेढ्यात अडकलेल्या त्या सैन्याचे नाव ‘सहावी पुणे डिव्हिजन’ असे होते. तिच्यातील 103, 110 आणि 117 या मराठा पलटणींविषयी आपल्याकडे आता लिहिले-बोलले जाऊ लागले आहे. माझे म्हणणे असे की, 117 व्या मराठा पलटणीच्या जोडीने एकाच ब्रिगेडमध्ये लढलेल्या डॉर्सेटशायर रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे, म्हणजे निव्वळ इंग्रज शिपायांच्या पलटणीचे, स्मरणही पुण्यात त्याच दिवशी व्हावे.

ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ही पलटण पुण्याच्या छावणीत होती. ऑक्टोबरमध्ये ती मुंबईहून जहाजाने निघाली आणि 6 नोव्हेंबरला शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओ येथे ब्रिगेड उतरली. त्यानंतर दहा-अकरा दिवसांतच सहिलच्या लढाईत, पावसाने झालेल्या चिखलातून पुढे सरकताना, तिची बरीच माणसे पडली. एप्रिल 1915 मध्ये शैबा येथे दिवसभराच्या अनिर्णित झुंजीनंतर डॉर्सेटच्या शिपायांनी संगिनी लावून धाव घेतली, त्यांच्या पाठोपाठ भारतीय पलटणी उसळल्या आणि तुर्की फळी मोडली. नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला डिव्हिजनचे अतोनात नुकसान झाले. उरलेले सैन्य मागे फिरून 3 डिसेंबरला कूतमध्ये शिरले आणि चारच दिवसांत तेथे कोंडले गेले.

त्या वेढ्यातील एक गोष्ट मला फार दिवस अस्वस्थ करते आहे. इंग्रज शिपायांना मैद्याचा पाव मिळत होता, म्हणून त्यांच्यात बेरीबेरी (ब-1 जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) पसरला. आपल्या शिपायांना कणीक मिळत होती, म्हणून ते बेरीबेरीतून वाचले. पण घोड्याचे मांस त्यांनी धर्माच्या भीतीने दीर्घकाळ नाकारले आणि ताजी भाजी तर कोणालाच नव्हती, म्हणून त्यांना स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, गाठले. पुढे मैदा संपत आला आणि इंग्रजांच्या पावातही कणीक मिसळावी लागली, तेव्हा त्यांचा बेरीबेरी ओसरू लागला. एकाच गावात, एकाच तोफांच्या माऱ्याखाली दोन चुली पेटत होत्या आणि प्रत्येक चुलीचे मरण वेगळे होते. डॉर्सेटचे सुमारे 350 जण कैदेत गेले; त्यांतले 70 च्या आसपास जिवंत परतले. एवढी माणसे ज्या गावातून रणांगणावर गेली, त्या गावाने त्यांना परके का मानावे?

कृष्णाकाठ

प्रस्ताव सद्भावनेने मांडला आहे यात शंका नाही, तरीही माझा त्याला स्पष्ट विरोध आहे.

डॉर्सेट रेजिमेंटच्या बोधचिन्हावर ‘प्रायमस इन इंडिस’ अशी लॅटिन अक्षरे आहेत. हिंदुस्थानात सर्वांत आधी आलेले, असा त्यांचा अर्थ. तिची पूर्वज 39 वी पलटण 1754 मध्ये आली. ब्रिटनच्या राजाच्या सैन्यातली हिंदुस्थानात आलेली ती पहिली पलटण, आणि 1757 च्या प्लासीच्या लढाईत ती होती. 29 डिसेंबर 1843 रोजी ग्वाल्हेरजवळ महाराजपूरला शिंद्यांच्या तोफखान्यावर चालून गेलेली हीच 39 वी. त्या लढाईचे नाव तिच्या निशाणावर मानाने मिरवले गेले आणि त्या मोहिमेची पदके शिंद्यांकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूतून ओतली गेली. मराठी माणसाने या रेजिमेंटसाठी मान झुकवावी, अशी अपेक्षा करताना हा इतिहास बाजूला कसा ठेवता येईल?

दुसरे असे की, त्यांच्या स्मरणाची सोय त्यांच्या सरकारने शंभर वर्षांपूर्वीच उत्तम लावून ठेवली आहे. 1929 मध्ये उघडलेल्या इराकमधील बसरा स्मारकावर 40,000 हून अधिक मृतांचे स्मरण आहे. ज्या डॉर्सेट शिपायाची कबर सापडली नाही, त्याचे नाव तेथे दगडात कोरलेले आहे. 117 व्या मराठा पलटणीच्या साध्या शिपायाचे मात्र नाव नाही; अधिकाऱ्यांची नावे संपली की खाली ‘आणि इतके इतर भारतीय शिपाई’ असा आकडा आहे. आमच्या सातारा जिल्ह्यातही तीच तऱ्हा. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढेच तिच्यावर इंग्रजीत लिहिले आहे. दर दिवाळीला चुना लावताना पाटीच्या कडा थोड्या थोड्या झाकल्या गेल्या, आणि आता पहिला आकडा बोटाने चाचपूनच वाचावा लागतो. ज्यांची नावे दगडात आहेत त्यांची काळजी आपण आणखी का वाहावी? आधी आपल्या माणसांची नावे शोधू या.

निरंजनी

कृष्णाकाठ यांची चीड मला मान्य आहे, पण त्यांनी रेजिमेंटचा हिशेब शिपायाच्या नावावर मांडला आहे. महाराजपूरच्या लढाईनंतर सत्तर वर्षांनी भरती झालेल्या पोराने शिंद्यांच्या तोफा घेतल्या नव्हत्या. तो पगारासाठी आला होता, जसा आपल्याकडचा पोरगा पाऊस नीट न झालेल्या वर्षी घर चालावे म्हणून भरतीला जाऊन उभा राहत होता.

या दोघांनाही ज्यांनी मारले, त्यांच्याकडे जरा पाहावे. टेसिफॉनचे जखमी ‘मजिदिया’ या आगबोटीने आणि तिला बांधलेल्या पडावांतून बसऱ्याला आणले गेले. मुंबईतले डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर, ती बोट येताना पाहत होते. बोटीच्या बाजूंवरून दोरखंड लोंबत आहेत, असे त्यांना लांबून वाटले. बोट जवळ आल्यावर कळले की ती हगवण लागलेल्या माणसांची वाळलेली विष्ठा आहे. कठड्याबाहेर जाण्याची ताकद कोणात उरली नव्हती आणि शौचाची सोय कोणी केली नव्हती. त्या गर्दीत गोरे आणि काळे एकमेकांवर पडलेले होते. कार्टरांनी तक्रार केली तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दमात घेतले. पुढे या मोहिमेच्या चौकशीसाठी मेसोपोटेमिया (म्हणजे आजचा इराक) कमिशन बसले, 1917 मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. शरणागतीनंतर टाउनशेंड साहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले आणि त्यांचे शिपाई वाळवंटातून पायी हाकले गेले, तुर्कस्तानातल्या रेल्वेच्या बोगद्यांवर राबून मेले. इंग्रज शिपायांपैकी दर दहांतले सुमारे सात कैदेत दगावले. म्हणून मला हे स्मरण सरकारांपासून सोडवून घ्यावेसे वाटते. ते डॉर्सेटच्या शिपायाचेही करावे आणि आपल्या शिपायाचेही.

कृष्णाकाठ

बोटीवर दोघे सारखे होते हे खरे, पण बोटीतून उतरल्यावर सारखे राहिले नाहीत. वेढा आणखी टिकला असता, पण भारतीय शिपायांनी घोड्याचे मांस वेळेवर खाल्ले नाही, असा ठपका खुद्द टाउनशेंड यांनी ठेवला. ज्याच्या पोटात आठवडेच्या आठवडे काही नव्हते, त्याच्याच माथी पराभव मारला गेला. एप्रिल 2021 मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या समितीने आपला अहवाल प्रसिद्ध केला. आशिया आणि आफ्रिकेतील किमान 1,16,000 मृतांचे, कदाचित 3,50,000 पर्यंत मृतांचे, नावाने किंवा मुळातच स्मरण झाले नाही, आणि त्यामागे वंशभेदाची दृष्टी होती, हे त्यात कबूल केले आहे. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. ही कबुली यायला शंभर वर्षे लागली. अशा वेळी ‘दोघांचेही स्मरण करू’ म्हणणे ऐकायला मोठ्या मनाचे वाटते, पण एकाचे नाव वाचले जाईल आणि दुसऱ्याची संख्या. त्या सभेत मी कोणत्या तोंडाने बसू?

दूरवाट

सर्वांचे म्हणणे मन लावून वाचले. एकच विचारतो. कूत हे रिकामे रणांगण नव्हते. वेढ्यात सुमारे सहा हजार अरब रहिवासी आपल्या घरांत कोंडले गेले होते. शरणागतीनंतर इंग्रजांना साथ दिल्याच्या आरोपावरून त्यांतल्या काहींना फासावर चढवले. ज्यांच्या दारात हे युद्ध आपण सगळ्यांनी मिळून नेले, त्यांच्यासाठी 29 एप्रिलला एक शब्द तरी ठेवणार आहात का?

खडकवाट

दूरवाट यांचे म्हणणे बिनशर्त मान्य आहे. माझ्या प्रस्तावात ही माणसे नव्हती, ती चूक माझी.

कृष्णाकाठ यांच्या मुद्द्यावर मात्र मी अर्धाच मागे हटतो. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत मी बऱ्याचदा जातो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मरण पावलेल्या 1,800 हून अधिक सैनिकांचे स्मारक तेथे आहे, आणि त्यात ज्यांच्या मूळ कबरी आता राखता येत नाहीत अशांची नावे आहेत. त्या फलकांसमोर उभा राहिलो की पुण्यातून बाहेर जाऊन मेलेल्यांचा विचार मनात येतो, आणि त्या विचारात डॉर्सेटला वगळणे मला जमत नाही. आकड्यापुढे नाव वाचले जाणे अपमानाचे आहे, हे पटते. म्हणून सुचवतो की डॉर्सेटची यादी तोवर वाचूच नये, जोवर 117 व्या पलटणीची काही नावे तरी आपल्या हाती येत नाहीत. मात्र त्या दिवशी पलटणीचे नाव घ्यावे, तिच्या माणसांचे काय झाले ते सांगावे आणि कणीक-मैद्याची हकिगत सांगावी. नावे कोठून मिळवायची, हे मात्र मला सुचत नाही.

कृष्णाकाठ

नावे त्या काळी ठाऊक होती, हे सांगण्यासाठीच पुन्हा लिहितो आहे. युद्धानंतर साम्राज्यातल्या मृत सैनिकांच्या घरी काशाचे एक गोल तबक पाठवले जात असे. ते साधारण अर्ध्या वितीएवढे असते; त्यावर त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, तिच्यापुढे सिंह आणि शेजारच्या चौकटीत मृताचे नाव. मरणात सगळे सारखे म्हणून हुद्दा कोणाचाच कोरायचा नाही, असे ठरलेले होते. एकेका नावासाठी वेगळा साचा घालणाऱ्या सरकारला बसऱ्याच्या भिंतीसाठी नाव सापडले नाही, हे मी मानत नाही.

आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ मेसोपोटेमियातून परतला नाही. त्याचे तबक आमच्या घरी आहे. आजी त्यावर बरीच वर्षे तुळशीपुढचा दिवा ठेवत असे, त्यामुळे सिंहाच्या पाठीवर तेलाचा काळा थर बसला आहे. नावाच्या रोमन अक्षरांत एक अक्षर चुकलेले आहे, पण नाव त्याचेच आहे. डॉर्सेटच्या शिपायाच्या आईच्या घरीही हेच तबक गेले असणार, याच मापाचे आणि बिनहुद्द्याचे. तुमचा प्रस्ताव मला अजून पूर्ण पटलेला नाही. तरी 29 एप्रिलला मी ते तबक घेऊन येईन. सुरुवात त्या नावाने करा.