सी-रिड्यूसने छोटा केलेला प्रोग्रॅम खरा बग दाखवत नाही

प्रश्न: सीस्मिथने (कंपायलर तपासायला रँडम सी प्रोग्रॅम बनवणारं टूल) बनवलेल्या एका प्रोग्रॅमचा चेकसम (व्हेरिएबल्सच्या किमतींवरून शेवटी छापलेला आकडा) जीसीसी कंपायलरमध्ये ओ-झिरो (ऑप्टिमायझेशन बंद) आणि ओ-टूला (ऑप्टिमायझेशन चालू) वेगळा येतो. सी-रिड्यूसने (बग टिकवून प्रोग्रॅम छोटा करणारं टूल) फाइल बारा ओळींवर आणली, पण त्यात आता इनिशियलाइझ न केलेला व्हेरिएबल वाचला जातोय. हे जीसीसीचा बग म्हणून रिपोर्ट करायचं कसं?

उत्तर १: करू नका, लगेच बंद होईल. सीस्मिथ अनडिफाइन्ड बिहेव्हियर (ज्याचा निकाल सी भाषा ठरवून देत नाही असा कोड) टाळतो, सी-रिड्यूस टाळत नाही. तुमची टेस्ट स्क्रिप्ट जे शून्य एक्झिट कोडने पास करेल ते त्याला चालतं. म्हणून चाळणी स्क्रिप्टमध्येच हवी. आधी वॉर्निंग चालू करून कंपाइल करा, 'अनइनिशियलाइझ्ड' दिसलं की नापास. मग क्लँग कंपायलरने ओ-झिरोला सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना चुका पकडणाऱ्या तपासण्या) लावून दोन वेगळी बिल्ड: एक अ‍ॅड्रेस आणि यूबी (अनडिफाइन्ड बिहेव्हियर) सॅनिटायझरची, दुसरी मेमरी सॅनिटायझरची. अ‍ॅड्रेस आणि मेमरी एकाच बिल्डमध्ये चालत नाहीत. या सॅनिटायझरपैकी तुमचा दोष फक्त मेमरीवालाच पकडतो. चेकसमची तुलना सगळ्यात शेवटी.

उत्तर २: प्रत्येक रनला टाइमआउट लावा, कारण काउंटर वाढवणारी ओळ उडाली की लूप संपतच नाही. फाइलचा पूर्ण पाथ देऊ नका. सी-रिड्यूस तात्पुरत्या डिरेक्टरीत काम करतं, त्यामुळे स्क्रिप्ट मूळ फाइलच तपासत बसते.

उत्तर १: अजून एक. स्ट्रिक्ट एलियासिंग (वेगळ्या टाइपचे पॉइंटर एकाच मेमरीकडे दाखवत नाहीत, हे कंपायलरचं गृहीतक) बंद केल्यावर चेकसममधला फरक गेला, तर आधी पॉइंटर कास्ट तपासा. कास्टमधला असा दोष वरचे सॅनिटायझर पकडत नाहीत. मात्र फरक गेला म्हणजे दोष प्रोग्रॅमचाच, असंही नाही.