हॉस्टेलच्या वायफायवर ४० जीबी फोटो मित्रांना कसे द्यायचे?

केळीबाग
नमस्कार. जळगावला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. केळीच्या पानावरचा करपा आणि सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग फोटोवरून ओळखायचा, असा आमचा चौघांचा प्रोजेक्ट आहे. रावेर-यावलकडच्या बागांमधले फोटो ४० जीबीच्या आसपास झालेत. गूगल ड्राइव्हवर १५ जीबीच फुकट. टॉरेंट करून पाहिलं, शून्यावरच थांबतं. सिंकथिंग (लॅपटॉपमधले फोल्डर आपसांत सारखे ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, तर एकाच खोलीत, एकाच वायफायवर असूनही लॅपटॉप एकमेकांना दिसत नाहीत. सीनियर म्हणतात व्हीपीएन (सगळं ट्रॅफिक बाहेरच्या सर्व्हरमधून फिरवणारं सॉफ्टवेअर) टाक. टाकू का? सीएमव्हीची झाडं काकांनी उपटून टाकली, ते फोटो पुन्हा मिळायचे नाहीत. सगळं एकाच लॅपटॉपवर आहे याची फार धास्ती वाटते.

सर्व्हररूम_धुळे
भाऊ, व्हीपीएन नको. धुळ्यात एका कॉलेजचं नेटवर्क मी बरीच वर्षं सांभाळलंय, म्हणून कळकळीने सांगतो.

टॉरेंट का बंद असतं ते आधी समजून घे. एक टॉरेंट एकाच वेळी शेकडो कनेक्शन उघडतं आणि त्या प्रत्येकाची नोंद फायरवॉलला, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याला, ठेवावी लागते. हॉस्टेलमध्ये दहा-वीस पोरांनी ते लावलं की नोंदींचा तक्ता भरतो आणि ज्याला फक्त परीक्षेचा फॉर्म भरायचाय त्याचंही पान उघडत नाही. अशा रात्री मला फोन यायचे. शिवाय बाहेरच्या जगाला सगळ्यांचा आयपी एकच, कॉलेजचा. कुणी चोरीचा सिनेमा उतरवला तरी नोटीस कॉलेजलाच येते. पूर्वी ६८८१ ते ६८८९ हे पोर्ट (डेटा ये-जा करायच्या दारांचे नंबर) बंद केले की भागायचं. आता फायरवॉल डेटाच्या पाकिटाच्या (पॅकेटच्या) आत डोकावून ट्रॅफिक ओळखते, त्यामुळे पोर्ट बदलूनही उपयोग नाही.

तुझी अडचण मात्र वेगळी वाटते. लॅपटॉप एकमेकांना दिसत नाहीत, म्हणजे बहुतेक वायफायवर क्लायंट आयसोलेशन चालू आहे, म्हणजे एका वायफायवरची मशीन एकमेकांशी बोलू शकत नाहीत. एकाच्या लॅपटॉपमधला व्हायरस दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून आम्ही ते मुद्दाम लावतो. व्हीपीएनने ते सुटत नाही. उलट खोलीतल्या खोलीत द्यायची फाइल आधी बाहेर इंटरनेटवर जाणार आणि मग परत येणार.

तुला इंटरनेट लागतच नाही. दोन लॅपटॉपमध्ये सरळ एक लॅन केबल लाव. आताच्या मशीनना त्यासाठी वेगळी क्रॉस केबल (आतल्या तारा उलटसुलट जोडलेली) लागत नाही, आयपीही १६९.२५४ ने सुरू होणारा आपोआप मिळतो. दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट आणि एसएसडी असेल तर ४० जीबी चहा होईपर्यंत जातं. मग सिंकथिंग चालू कर, सेटिंगमध्ये ग्लोबल डिस्कव्हरी आणि रिले (इंटरनेटवरून मशीन शोधणं आणि डेटा पाठवणं) बंद ठेव. पुढच्या वेळी फक्त नवे आणि बदललेले फोटोच जातील.

तापीकाठ
केबलचा पोर्ट नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून दोघं त्यावर या आणि लोकलसेंड हे फाइल पाठवायचं अॅप वापरा. फाइल हॉटस्पॉटवरच फिरते, डेटा पॅक खर्च होत नाही. पेनड्राइव्ह वापरणार असशील तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी झिप बसत नाही. मूळ फोटो पुसण्याआधी दोन्हीकडचा एसएचए-२५६ (फाइलवरून काढलेला ठशासारखा कोड) जुळवून बघ भो.

केळीबाग
सर, दादा, खूप आभार. माझ्या लॅपटॉपला लॅन पोर्ट आहे, एका मित्राच्या नाही, त्याला हॉटस्पॉटवरून देतो. लॅबच्या एका मशीनवर चौघांसाठी कायमची कॉपी ठेवता आली तर बरं होईल. त्यासाठी परवानगी कुणाकडे मागायची?

सर्व्हररूम_धुळे
गाइडच्या सहीने विभागप्रमुखांना अर्ज दे. किती जागा लागेल, कोणतं मशीन, प्रोजेक्ट कधी संपतो, एवढं लिही. आणि सिंकथिंगसाठी लॅबच्या आतल्या आत २२००० पोर्ट हवाय हेही लिही. असा नेमका अर्ज आला की नेटवर्कवाल्याला नियम टाकायला पाच मिनिटं लागतात. मी असे अर्ज कधी अडवले नाहीत.