विल्यम मार्शलच्या लेकींचे वाटे - मदत हवी आहे

मंडळी, पेम्ब्रोकचा अर्ल (इंग्लंडमधला वरच्या दर्जाचा सरदार) विल्यम मार्शल (मृत्यू 1219) याच्या घराण्याचा चार्ट करतोय आणि नातवंडांपाशी गाडी अडलीय. पाचही मुलगे एकामागून एक अर्ल झाले, एकालाही औरस मूल नाही, गिल्बर्ट तर 1241 मध्ये टूर्नामेंटमध्ये घोड्यावरून पडून गेला आणि 1245 संपता संपता वॉल्टर, अन्सेल्म महिन्याभरात गेले, खेळ खल्लास. मग इस्टेट पाच बहिणींत. मॉड सोडून बाकीच्या 1247 च्या आधीच वारलेल्या, त्यामुळे वाटे पोराबाळांना, त्यात सिबिलला सात मुली, बसा तुकडे करत!

आयर्लंडचं लागलंय: कार्लो मॉडकडे, किलकेनी इझाबेलकडे, किल्डेअर सिबिलकडे, वेक्सफर्ड जोनकडे. मार्शलपद (राजदरबारातलं वंशपरंपरागत पद) थोरल्या मॉडला, तेही पटतं, पद काय तोडता येत नाही.

पण पेम्ब्रोक जोनच्या लेकीकडून तिचा नवरा विल्यम द व्हॅलन्सकडे गेलं, तो इंग्लंडच्या राजाचा, तिसऱ्या हेन्रीचा सावत्र भाऊ. विकिपीडिया आणि वंशावळीच्या साइट्स पाहून झाल्या, कुणी त्याला अर्ल म्हणतं, कुणी नुसता लॉर्ड. लॅटिन येत नाही, त्यामुळे इंग्रजीतलंच सुचवा. जमिनीबरोबर अर्लपद आपोआप यायचं का राजाने वेगळं द्यावं लागायचं, आणि चार्टवर त्याच्या नावापुढे नेमकं काय लिहू?